मुकुंदाच्या स्लाइडमधली रहाड

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा माझी अर्धी कटिंग झाली होती. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, सकाळी थंडी होती, आणि नेहमीच्या सलूनमध्ये मी गळ्याभोवती कापड गुंडाळून बसलो होतो. फोनवर मुकुंदाची बायको, नलूवहिनी. एवढंच म्हणाली, "भाऊजी, हे उठतच नाहीयेत हो..." मागे शेजारणीचा आवाज येत होता, कोणीतरी पाणी मागत होतं. उठत नाहीत म्हणजे काय हे तिलाही कळलं होतं आणि मलाही. सलूनवाला कात्री वर धरून थांबला. म्हणाला, "काका, पूर्ण करू का राहू दे?" मी म्हटलं, कर बाबा. अर्धं डोकं घेऊन मयताला कसं जाणार? तो कापत राहिला आणि मी समोरच्या आरशात स्वतःचं रडणं बघत बसलो. असला प्रसंग माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आला. आणि खरं सांगतो, मनात काय आलं असेल तर हे, की ही गंमत मुकुंदाला सांगितली पाहिजे, पोट धरून हसेल लेकाचा. माझ्या आयुष्यात काहीही विचित्र घडलं की ते पहिलं त्याला सांगायचं, अशी आमची शाळेपासूनची रीत होती.

आम्ही दोघं पंचवटीतले, एकाच गल्लीतले. शाळा एक, पाण्यात पडून पोहायला शिकलो तो घाट एक, आणि चोरून पहिली विडी ओढली तीही एकच, अर्धी अर्धी. पुढे त्याला ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरी लागली आणि मला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. सकाळी तो उत्तरेच्या बसमध्ये चढायचा आणि मी दक्षिणेच्या. स्वभाव मात्र असे, की आमची मैत्री टिकली कशी हे आमच्या बायकांना कधी कळलं नाही. मी तोंडाचा फटकळ, लगेच तापणारा. तो शांत, एकदम थंड डोक्याचा, आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "बघू रे." गॅसचा नंबर लावायचाय? बघू रे. मुलीसाठी स्थळ आलंय? बघू रे. फक्त एका बाबतीत त्याने कधी "बघू" म्हटलं नाही, ती म्हणजे रहाड.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. नाशकात आम्ही रंग खेळतो तो रंगपंचमीला, आणि जुन्या गावात रंग खेळायच्या जागा म्हणजे रहाडी. चौकात जमिनीखाली दगडी हौद असतात, चांगले दोन पुरुष खोल. वर्षभर त्यांवर जाड फळ्या आणि माती. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. रंगपंचमीच्या आधी फळ्या काढतात, हौद धुतात, पाण्याने भरतात आणि त्यात शिजवलेला रंग सोडतात. मग पूजा होते आणि लोक काठावरून धपाधप उड्या मारतात. त्याला आम्ही धप्पा म्हणतो. एकदा धप्पा मारला की उन्हाळा बाधत नाही असं जुनी माणसं सांगत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि तो करण्याचा मान ठरावीक घराकडे. आमच्या चौकाच्या रहाडीचा मान मुकुंदाच्या घराकडे होता. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं भली आहेत, उगाच कोणाला टोचायचं नाही.

मुकुंदाचे वडील अण्णा तो रंग करायचे. आदल्या दिवशी चौकातच तीन दगडांची चूल मांडून मोठी कढई चढवायची, त्यात पळसाची फुलं, हळद आणि आणखी काय काय. काय काय ते अण्णांनी कोणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "शिजताना बघा, डोळ्यांनी शिका." आम्ही बघायचो ते फक्त आत उड्या मारायला कधी मिळतंय हे. आणि रंग तरी असा व्हायचा... मुकुंदाला मी कितीदा म्हटलं, की नारिंगीच होता ना तो? तर म्हणायचा, नाही. मग पिवळा? नाही. मग कसा, एकदा सांग ना नीट! तर म्हणायचा, "अरे, शब्दात आला असता तर फोटो कशाला काढले असते मी?"

फोटो म्हणजे साधे नव्हेत, स्लाइड. हल्लीच्या मुलांना हेही सांगावं लागतं. कागदावर छापायचा फोटो नव्हे, तर फिल्मचाच नखाएवढा रंगीत तुकडा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. उजेडाकडे धरला की आत सगळं जिवंत. मुकुंदाचा आतेभाऊ मस्कतला होता, तो येताना कॅमेरा घेऊन आला आणि त्याबरोबर एका खास जातीची स्लाइड फिल्म. त्या फिल्मची ख्याती अशी, की तिचे रंग शंभर वर्षं हलत नाहीत. मुकुंदाने कारखान्यातल्या सगळ्या पुस्तकांतून तिची माहिती काढली होती. मला सांगायचा, की या फिल्ममध्ये मुळात रंग नसतोच. कुठे कुठला रंग हवा याची नुसती खूण ती ठेवते, आणि धुताना लॅबवाले एकेक रंग बाहेरून भरतात. म्हणून ती धुणं कोणा येरागबाळ्याचं काम नाही. नाशकात कोणी हात लावत नसे. रोल मुंबईला पाठवायचा, आणि महिन्याभराने स्लाइडची पिवळट डबी पोस्टाने यायची.

मग तो कार्यक्रम! मुकुंदाच्या दोन खोल्यांत गल्लीतली सगळी पोरंबाळं, भिंतीला आजीचं पांढरं लुगडं टाचून लावलेलं, प्रोजेक्टर घरघरायला लागला की तापलेल्या धुळीचा वास. खटक की एक चित्र, खटक की दुसरं. अण्णा कढईत काठी फिरवताहेत. फळ्या निघताहेत. आणि मग भिंतभर रहाड. त्या रंगात माखलेली चौकातली माणसं, दात तेवढे पांढरे. मी धप्पा मारताना हवेत आहे अशीही एक स्लाइड होती, ती मुकुंदा दरवर्षी मुद्दाम उलटी लावायचा, म्हणजे मी खालून वर उडताना दिसायचो. दरवर्षी मी चिडायचो आणि दरवर्षी सगळे हसायचे. बरीच वर्षं हे चाललं. रंगपंचमीचा रंग अंगावरून दोन दिवसांत जायचा, पण भिंतीवरची रहाड आम्ही पावसाळ्यातसुद्धा हट्टाने बघायचो.

अण्णांची शेवटची तीन वर्षं मुकुंदाने तीन रोलांत घेतली. तोवर मुंबईत ती फिल्म धुणं बंद झालं होतं, बाहेरदेशी पाठवावी लागणार होती, आणि मस्कतचा भाऊ कायमचा परत आला होता. मी म्हटलं, अरे पाठव की पोस्टाने! तर आमच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं, "बघू रे. फ्रीजमध्ये आहेत, कुठे पळून जाताहेत?" लोण्याच्या कप्प्यात काळ्या डब्यांत ते तीन रोल बसले ते बसलेच. नलूवहिनीने किती बडबड केली असेल! अण्णा गेले, रंग करायची विद्या त्यांच्याबरोबर गेली, आणि पुढच्याच वर्षीपासून चौकात दुकानातली पाकिटं फुटायला लागली. मुकुंदाने तीनदा पळस आणून कढई चढवून पाहिली. पाणी नुसतं मळकट व्हायचं. तिसऱ्या खेपेला कोणीतरी मागून म्हणालं, "दादा, चहा टाकलाय का?" त्यानंतर त्याने कढई चढवली नाही. मान नावापुरता राहिला, नारळ फोडायचा.

निवृत्तीनंतर ते दोघं गंगापूर रोडकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. फ्लॅट पश्चिमेचा, मे महिन्यात भिंतींना हात लावता येत नाही आणि पावसाळ्यात कपाटाला बुरा. एक दिवस त्याला चार स्लाइडवर बुरशीचे ठिपके दिसले आणि माणूस सैरभैर झाला. स्लाइड थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. नलूवहिनीचा भाऊ भास्कर निफाडकडचा द्राक्षबागायतदार, त्याचं शीतगृह आहे. मुकुंदाला वाटलं, यापेक्षा चांगली जागा ती कोणती? सगळ्या डब्या द्राक्षांच्या खोक्यांत भरून तो तिकडे घेऊन गेला. इथवर ठीक होतं हो. पण द्राक्षं परदेशी पाठवताना खोक्यात एक कागद टाकतात, गॅसचा. ओल लागली की त्यातून हळूहळू गंधकाचा गॅस सुटतो आणि द्राक्षांना बुरशी धरत नाही. ते बघून आमच्या ड्रॉइंग विभागाच्या डोक्यात वीज चमकली. त्याने भास्करच्या माणसांकडून ते कागद मागून घेतले, कापून प्रत्येक डबीत एकेक तुकडा घातला आणि डब्या चिकटपट्टीने बंद केल्या. मला फोन करून किती आनंदाने सांगितलं त्याने! म्हणाला, "महिनाभर द्राक्षाला बुरशी लागत नाही, तर स्लाइडला काय लागते? शंभराची दोनशे वर्षं झाली समज." मीही म्हटलं, वा! मला तरी काय कळतंय? नाशिकच्या माणसाला द्राक्षाच्या खोक्यापेक्षा सुरक्षित जागा सुचणार तरी कुठली?

काही वर्षांनी चौकातल्या मंडळाला जाग आली. मंडळाचा अध्यक्ष पप्पू, चाळिशीच्या आतबाहेरचा, मोबाइलचं दुकान चालवतो. मनाने चांगला मुलगा. गावातल्या रहाडींची नावं वर्तमानपत्रांत यायला लागली होती, बाहेरून लोक बघायला येऊ लागले होते, आणि पप्पूचं म्हणणं असं, की आपणही आपला जुना खरा रंग काढायचा. त्या वर्षी त्यांनी पाकिटं फोडून गुलाबी केला होता. मुकुंदा काठावर उभा राहून म्हणाला, "हा आपला रंग नव्हे." कोणीतरी म्हणालं, आमचे आजोबा सांगायचे गुलाबीच होता. दुसरा म्हणाला, छे, पिवळा. अण्णांचा रंग पाहिलेली जुनी माणसं एव्हाना गेली नाहीतर पांगली होती, आणि माझी साक्ष म्हणजे दोस्ताची; थोडी बाचाबाची झाली. मुकुंदा आवाज चढवणारा नव्हे, पण त्या दिवशी चढवला. "माझ्या बापाने पंचेचाळीस वर्षं रंग शिजवला आणि तुम्ही मला शिकवता?" तेव्हा पप्पू म्हणाला, "दादा, भांडण कशाला? तुमच्याकडे स्लाइड आहेत ना? दाखवा. जो दिसेल तो रंग पुढच्या वर्षीपासून." मुकुंदाचा चेहरा इतका उजळला की बस. इतकी वर्षं ज्यासाठी सांभाळलं त्याची वेळ आली होती.

पुढच्या रविवारी पप्पू आणि मंडळाचे चार-पाच जण फ्लॅटवर आले. नलूवहिनीने कांद्याची भजी केली होती. मुकुंदाने आदल्या दिवशी निफाडहून डब्या आणल्या होत्या, पण उघडल्या नव्हत्या. म्हणे, सगळ्यांसमोर उघडायच्या. पडदे ओढले, प्रोजेक्टर घरघरला, खटक... आणि भिंत लाल झाली. कुंकू विरघळावं तसलं काहीतरी लालसर, फिकट. त्यात अण्णा असल्यासारखं वाटत होतं. मुकुंदा म्हणाला, "ही खराब झालेली दिसते." खटक. लाल. खटक. लाल. कढई लाल, फळ्या लाल, चौकातलं देऊळ लाल. सगळी डबी संपली, त्याने दुसरी लावली. तीही लाल. मग मंडळातला एक जण, वाईट हेतूने नव्हे, पण त्याला राहवलं नाही, म्हणाला, "दादा, तुमच्या स्लाइडमध्ये तर आभाळपण लाल आहे." आणि पोरं हसली. फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. मुकुंदा म्हणाला, "दिवा जुना झालाय प्रोजेक्टरचा." त्याने तिसरी डबी लावली. मी उठून पडदा सरकवला, मला बघवेना. भजी तशीच राहिली.

भास्करला कळलं तेव्हा तो धावत आला. बिचारा रडवेला झाला होता. "दाजी, मला एक डाव इचारायचं तरी व्हतं ना! गॅस जास्ती झाला का मण्याचा रंग उडतो. हिरवा मणी पांढराफट पडतो. हे आमच्या बारक्या पोराला ठावं हाय!" गॅसने बाकीचे रंग खाल्ले होते, लाल तेवढा उरला होता. मुकुंदा शांतपणे म्हणाला, "कागद मी घातले भास्कर, तू नाही." कपाटात ठेवल्या असत्या तर चार-दोन बुरशीने गेल्या असत्या, बाकीच्या आजही तशाच असत्या. मीच नंतर एकाला विचारून घेतलं, त्या जातीच्या स्लाइड अंधारात नुसत्या पडून राहिल्या तरी खरंच टिकतात म्हणे. हे मी मुकुंदाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्याला ते माझ्या आधीपासून माहीत होतं. शेकडो स्लाइड! त्याने काही केलं नसतं तर राहिल्या असत्या. काळजी घेतली म्हणून गेल्या. या गोष्टीचा मला आजही संताप येतो, आणि कोणावर काढायचा तेही कळत नाही.

चौकात पुढे तो चेष्टेचा विषय झाला. फार नाही, थोडासा. "दादांचा रंग" म्हणजे जो कोणाला दिसत नाही तो. मुकुंदा रहाडीवर जायचा बंद झाला. पण माणसाच्या डोक्यात आता दुसरंच सुरू झालं होतं, लोण्याच्या कप्प्यातले तीन रोल. ते तर गॅसकडे गेलेच नव्हते. अण्णांची शेवटची तीन वर्षं त्यात होती, अजून न धुतलेली. तेवढा एक रोल रंगात धुऊन मिळाला तर आपण खोटं बोलत नव्हतो हे चौकाला दिसेल, एवढंच त्याचं म्हणणं. आयुष्यात पहिल्यांदा तो "बघू" म्हणायचं सोडून कामाला लागला. मुंबई, पुणे, मग इंग्रजीत पत्रं लिहून बाहेरचे देश. सगळीकडून एकच उत्तर आलं. ती फिल्म बनवणं बंद झालंय, ती धुण्याची रसायनं बंद झालीत, तिच्यात रंग भरणारं शेवटचं यंत्रही जगात कधीच बंद पडलंय. तो "बघू रे" म्हणत होता त्या सगळ्या वर्षांत ते चालू होतं! आता एकच करता येतं, साध्या रसायनात काळी-पांढरी धुवायची. जुनी झाली असल्याने तीही येईल का नाही सांगता येत नाही. आणि एकदा तशी धुतली की संपलं, पुढे कधी रंगाची युक्ती निघाली तरी तिचा उपयोग नाही. मुकुंदाने साफ नाही म्हटलं. "काळ्या-पांढऱ्यात रहाड म्हणजे नुसता हौद. तो तर महापालिकेकडेपण आहे."

आमची शेवटची भेट संक्रांतीची. तिळगूळ घेतला, दिला. तो बारीक झाला होता, पण बोलायला तसाच. नलूवहिनी आत गेल्यावर त्याने फ्रीज उघडून मला त्या डब्या दाखवल्या, जसा काही मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाला, "कुठेतरी कोणीतरी खटपट करत असेल रे. निघेल युक्ती. थांबायला हवं." मी फटकन बोललो, "मुकुंदा, आपण सत्तरीच्या पुढचे. किती थांबणार? आणि त्या रोलमधली खूणसुद्धा दर वर्षी पुसट होतेय असं तूच सांगतोस." तो हसला. फ्रीजचं दार लावून म्हणाला, "म्हणून तर मला घाई आहे... पण थांबलं पाहिजे." या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हे मी त्याला विचारायला हवं होतं. मी तिळाची वडी चावत बसलो.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी परत गेली. जाताना तिने आईला विचारलं, बाबांच्या त्या रोलांचं काय करायचं? वहिनीने मला बोलावलं. टेबलावर तीन डब्या मांडलेल्या. मी म्हटलं, वहिनी, त्याची इच्छा होती की धुवायचे नाहीत. ती म्हणाली, "त्यांची इच्छा होती की कोणीतरी युक्ती काढावी. ती कोण काढणारे, भाऊजी? मी मेल्यावर हे कचऱ्यात जाणार. हे काय आहे ते माझ्या मुलीलाही नीट माहीत नाही." आणि मग डब्या जवळ ओढत, "त्यांना खोटं ठरवलं हो लोकांनी. निदान कढई दिसेल. सासरे दिसतील. काहीतरी दिसेल ना?" तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण बरोबर होतं असंही म्हणवत नाही. पुण्यात एक माणूस असल्या जुन्या फिल्म धुतो. त्याने फोनवर वहिनीला दोनदा सांगितलं, रंग येणार नाही, परत फिरता येणार नाही, नक्की ना? ती म्हणाली, नक्की.

दोन रोल कोरे निघाले. तिसऱ्यात नऊ-दहा चित्रं, धुक्यातून पाहावीत तशी. त्याने ती फोनवर पाठवली. अण्णा कढईजवळ उकिडवे बसलेले. चौक माणसांनी भरलेला. आणि रहाड. काठावर ओलीचिंब माणसं, तोंडं काळपट, आणि मधोमध राखाडी पाणी. वहिनी चष्मा पुसून पुसून बघत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "उगाच केलं का हो आपण?" मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

रंगपंचमी जवळ आली तसा पप्पू आला. दादांना श्रद्धांजली म्हणून चौकात फ्लेक्स लावायचाय, त्यांचा फोटो आणि मागे जुनी रहाड. वहिनीने त्याला ते चित्र दाखवलं. तो म्हणाला, "काकू, हे तर एक नंबर आहे! रंगाचं टेन्शन घेऊ नका, हल्ली जुन्या फोटोत रंग भरता येतो." त्याने आपल्या मोबाइलवर काहीतरी केलं. क्षणभर चाक फिरलं आणि चित्र रंगीत झालं. माणसांचे चेहरे माणसांसारखे झाले, देवळाचा कळस पिवळा झाला, अण्णांचं धोतर स्वच्छ पांढरं... आणि रहाडीतलं पाणी निळं. मशीनला बिचाऱ्याला काय माहीत? पाणी म्हटल्यावर निळंच असणार. पोहण्याच्या तलावात आमच्या चौकातले सगळे मेलेले लोक हसत उभे होते.

पप्पू ओशाळला. "तसं नाही काकू, बदलता येतं. हे बघा." त्याने खाली एक पट्टी आणली आणि तिच्यावरून अंगठा सरकवायला लागला. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग केशरी, मग तांबडं, गुलाबी, जांभळं. पुन्हा मागे, गुलाबी, तांबडं, केशरी. "तुम्ही दोघांनी बघितलाय ना खरा रंग? जिथे बरोबर वाटेल तिथे सांगा, थांबतो." अंगठा हळूहळू सरकत होता. मी डोळे फाडून बघत होतो. त्या रंगात मी लहानपणापासून नाकातोंडात पाणी जाईस्तोवर बुडलोय. केशरीपाशी वाटलं, हाच. तो जरा पुढे गेला तर वाटलं, हा. मागे आला तर तोही तोच वाटला. आठवायला गेलो की डोळ्यांपुढे लुगड्यावरची स्लाइड येत होती, आणि ती आठवायला गेलो की लाल भिंत. मी वहिनीकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर धरला होता आणि मान हलत होती, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. ज्यांनी तो रंग पाहिलाय अशी आम्ही दोनच माणसं त्या खोलीत होतो. मुकुंदाला खरं ठरवायला आता कोणी उरलं असेल तर आम्हीच, आणि आम्हाला तो ओळखता येत नव्हता.

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पप्पूचा फोन सारखा वाजत होता. तरी तो बिचारा अंगठा फिरवत राहिला. "काकू, सांगा ना. इथे? का इथे?" शेवटी वहिनी म्हणाली, "थांब." तो थांबला. मी पाहिलं तर ती मोबाइलकडे बघतच नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

तो फ्लेक्स अजून चौकात आहे. रंगपंचमीला मंडळाने त्याच्यावरून पाण्यात रंग कालवला, अगदी जुळवून, एका डब्यात थोडं पाणी घेऊन फ्लेक्सजवळ धरून धरून. छान उतरला. लोक फोटो काढत होते. काठावर पप्पू एका बाहेरगावच्या पाहुण्याला सांगत होता, हा आमचा ओरिजिनल रंग, आमच्या मुकुंददादांच्या घरचा, पुरावा आहे आमच्याकडे. त्याने मला बघितलं आणि ओरडून विचारलं, "काय काका, बरोबर ना?"

मी म्हटलं, "हो."